टणक कीवीचा ठेचा

सोयाबीन निघायला लागलं की आमच्या पुलगावच्या हवेत एक कोरडा, भाजल्यासारखा वास येतो. मळणीचा भुसा कुठल्या कुठे उडत येतो आणि वाळत घातलेल्या लुगड्यावर बसतो. दुपारचं ऊन चावतं आणि सांजेला तेच ऊन गरीब गाईसारखं अंगणात येऊन बसतं. या दिवसांत कुणाला फुटलेली बोंडं आठवतात, कुणाला दिवाळीची सफाई. मला कीवी आठवते. हसू नका. खरंच सांगते, सोयाबीनचा भुसा नाकात गेला की माझ्या जिभेच्या दोन्ही कडांना आंबट पाणी सुटतं आणि डोळ्यापुढे ते केसाळ, मातकट, लहान बटाट्याएवढं फळ येऊन उभं राहतं.

दोन वर्षं झाली त्याला. आमच्याकडे स्टेशनच्या रस्त्यावर एक मोठं किराणा दुकान नवीन उघडलं होतं. आहे एकच मजली, पण गावानं त्याला पहिल्याच दिवशी ‘मॉल’ करून टाकलं. आपल्या हातानं वस्तू उचलायची, चाकाच्या गाडीत टाकायची, कुणी ‘काय पाह्यजे’ म्हणून पाठीशी लागत नाही. मला तर जत्रेत सोडल्यासारखं झालं. जन्मभर मी दुकानाच्या फळीच्या अलीकडे उभी राहून सामान मागितलं. मागायचं तर नाव माहीत पाहिजे. ज्याचं नाव माहीत नाही ते मागणार कसं? इथं नावाचं कामच नाही. बोट ठेवायचं आणि उचलायचं! चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला याहून मोठं स्वातंत्र्य कुणी दिलं असेल तर मला सांगा.

पण मी नुसती हौस म्हणून जात नव्हते हो. सून पोटुशी होती.

पल्लवी वडनेरची. शेतकऱ्याच्या घरची, हसरी, ताटात वाढलेलं पुसून खाणारी पोरगी. त्याच्या आदल्या वर्षी तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा घरात नुसता धुमाकूळ होता. आज तिला तर्रीपोहे पाहिजेत, उद्या कोथिंबिरीची सांबारवडी, परवा जाम गावच्या चौकातली भजी, आणि आमचा प्रवीण लष्कराच्या डेपोतली ड्युटी करून आला की तसाच गाडीला किक मारून आणायला पळे. ती मागे आणि आम्ही आणू. आणि मग तिसऱ्या महिन्यात ते सगळं थांबलं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. ज्या घरात झालं असेल त्याला कळेल, ज्याच्या घरात नाही झालं त्याला कळूही नये.

दुसऱ्यांदा दिवस गेले तर तिनं काहीच मागितलं नाही. सकाळी उठली की ओकारी, पाणी प्याली की ओकारी, फोडणीचा वास आला की तोंडावर पदर धरून मागच्या अंगणात. मी विचारायची, “पल्लवी, काय खावंसं वाटून राह्यलं, माय?” ती म्हणायची, “काही नोको, आई.” प्रवीणनं विचारलं तरी काही नको, तिच्या आईनं फोनवरून विचारलं तरी काही नको. गालाची हाडं वर आली. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं वजन पाहिलं आणि मलाच बाजूला घेतलं. म्हणाल्या, “जे खाईल ते द्या. काय खाते ते महत्त्वाचं नाही, पोटात राहिलं पाहिजे. असंच चालू राहिलं तर भरती करून सलाईन लावावी लागेल.”

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. बाहेर पिवळं पडलेलं सोयाबीन मागं जात होतं. मी मनात म्हटलं, आपल्या घरातलं सगळं हिनं ओकून टाकलं. वरण, भात, भाकर, पिठलं, अंबाडी, सगळं. आता घरात नसलेलंच काहीतरी शोधलं पाहिजे.

आणि मी सुटले!

काय सांगू तुम्हाला त्या दिवसांची मजा. चिंता होती, नाही असं नाही, छातीवर वरवंटा ठेवल्यासारखी होती. पण त्या दुकानाच्या दारातून आत गेलं, ती गार हवा अंगाला लागली, की माझं वयच गळून पडायचं. भाजीच्या काट्यापाशी निशा नावाची बाई असायची, निळा कोट घातलेली, पस्तिशीची. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, “बाई, हे गुलाबी काय आहे वो? कोबी आहे का कमळ?”

“ड्रॅगन फ्रूट, काकू.”

“कसं लागते?”

ती इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, “मी कुठं खाल्लं? मी तर नुसती मोजते. तुमी खाल्लं तर मले सांगजा.”

झालं. आमचा करारच झाला तो. मी खायचं आणि तिला येऊन सांगायचं. पुढं पुढं तर मी दारात दिसले की ती काटा सोडून विचारायची, “काय झालं, काकू, टिकलं का पोटात?” तिलाही पल्लवीचं सांगून ठेवलं होतं ना मी.

ड्रॅगन फ्रूट घरी आणलं तर आमचे हे खाटेवर बसून त्याच्याकडे पाहतच राहिले. हे म्हणजे आमचे मालक, सूतगिरणीत सारी उमर काढलेला माणूस. कापसाच्या धुळीनं घसा बसला पण जीभ काही बसली नाही. म्हणाले, “रंगपंचमीत बुडवून ठेवलं का कोणं याले?” विळीवर चिरलं तर आत पांढरं शुभ्र आणि त्यात काळे काळे दाणे. यांनी आधी एक फोड उचलली. नवीन काहीही आलं की आधी बोटं मोडायची आणि मग पहिला घास आपणच घ्यायचा, हा यांचा नेम. म्हणे, “सुनेच्या पोटात जाणार आहे, तपासून पाहावं लागते.” चावलं, थांबले, आणि म्हणाले, “तीळ टाकलेलं पाणी आहे.”

पल्लवीनं दोन फोडी खाल्ल्या. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे पाहत बसलो. ती उठून अंगणात गेली.

राहिलेल्या फोडी मी डब्यात घातल्या आणि सांजेला बुद्धविहारात नेल्या. पावसाळ्याचे तीन महिने असतो तो वर्षावास चालू होता, रोज सांजेला आम्ही बाया जमून ग्रंथ वाचायचो आणि वाचन झालं की कुणी ना कुणी काही खायला आणलेलं असायचं. चिवडा, केळी, शिरा. त्या दिवशी माझा डबा उघडला आणि सगळ्या मान पुढं करून पाहायला लागल्या. एकीनं माझ्या घरी उरलेलं दुसरं अख्खं फळ मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बुद्धासमोर ठेवलं, झेंडूच्या फुलात. रोज तिथं केळी आणि सफरचंद पाहायची सवय. ते गुलाबी, खवल्याखवल्यांचं फळ त्या शांत मूर्तीपुढं असं ऐटीत बसलं होतं की आमचं वंदना म्हणताना निम्मं लक्ष तिकडंच. तेव्हापासून बाया मला विचारायला लागल्या, “काय वो, आज काय नवीन?” आणि मलाही सांगायला हुरूप यायला लागला. म्हातारपणी माणसाला ‘आज काय नवीन’ असं कुणी विचारतं का? ‘आज काय दुखते’ असंच विचारतात.

मग ब्रोकोली आणली. हिरवी फुलकोबी समजून मी तिला आपली रीतीप्रमाणे मिरची-लसणाची फोडणी दिली आणि तो वास माजघरात पोचायच्या आत पल्लवी अंगणात पोचली. मग चौकोनी चीज आणलं, पिवळं, पानावर पान रचलेलं. यांनी गरम भाकरीवर एक पान ठेवलं आणि घास तोडायला लागले तर तुटेना. “चिवट आहे वो,” म्हणाले, “म्हशीचं असन.” मी जवळ जाऊन पाहिलं तर वरचं प्लास्टिक काढलंच नव्हतं! पल्लवी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसली. खाल्लं काही नाही, पण हसली. मला वाटलं, चला, हसू तरी पोटात राहिलं.

हिरव्या बाटलीतली ती ऑलिव्ह का काय म्हणतात ती बोरं आणली. यांनी चावून सरळ अंगणात थुंकली. “खारवलेलं, नासलेलं बोर आहे. कोणाच्या झाडाचं आहे त्याले परत दे.” टोफू आणला. पनीरसारखा दिसतो, हाताला थंड लागतो, चवीला मुका. पाकिटावर प्रवीणनं वाचून दाखवलं की हे सोयाबीनचं असतं. मी बघतच राहिले. आपल्या पंचक्रोशीतून पोती भरभरून ट्रक जातात, त्यातलंच हे! यांनी तो पांढरा तुकडा चमच्यानं हलवला आणि म्हणाले, “वावरातलं पोट्टं शहरात जाऊन आलं, आता ओळख देऊन नाई राह्यलं.”

अ‍ॅवोकॅडोचं तर रामायण झालं. दगडासारखं टणक, कातडी मगरीची. निशा म्हणाली, “काकू, पिकलं की खातात म्हणे.” पिकवायचं कसं हे मला कुणी शिकवायची गरज आहे का? आंब्याच्या आढीवर मी लहानाची मोठी झाले. कोठीत ज्वारीचा कडबा पसरला, त्यात ती निजवली, वरून पोतं घातलं. रोज सकाळी हात घालून दाबून पाहायची. पिकली हो, मस्त पिकली! इथवर सगळं बरोबर होतं. मग मला वाटलं, एवढं मऊ, लोण्यासारखं, वांग्याच्या वर्णाचं फळ आहे, याचं भरीतच होणार. गॅसवर भाजलं. विहारातल्या दोघीतिघी मुद्दाम चाखायला आल्या होत्या. पहिला घास घेतला आणि सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. कडूजहर! चिरायत्याचा काढा बरा. एक जण म्हणाली, “बाई, हे भाजाचं नसते का मंग?” दुसरी म्हणाली, “हे आणाचंच नसते.” किती हसलो आम्ही त्या दिवशी, डोळ्यातून पाणी येईस्तोवर. आणि आतल्या खोलीत पल्लवी भिंतीकडे तोंड करून निजली होती.

हे असंच चालायचं त्या ऋतूत. एका डोळ्यात हसू आणि दुसरा डोळा आतल्या खोलीच्या दाराकडे.

त्या दुकानात आणखी एक जागा होती. बिलाच्या रांगेच्या अलीकडे, उजव्या हाताला, डब्यांची फळी. तिथं माझी गाडी आपोआप हळू व्हायची. पत्र्याच्या डब्यावर चित्र होतं, पिवळ्याधमक गोल चकत्या, मध्ये भोक असलेल्या, आणि त्यांच्यावरून रस ओघळतोय. ते चित्र मी जन्मात दुसऱ्यांदा पाहत होते.

पहिल्यांदा पाहिलं ते गिरणीच्या चाळीत. प्रवीण पोटात होता तेव्हा. शेजारी कमलबाई राहायची, तिचा नवरा डेपोत कामाला. कुठून कुणास ठाऊक, त्यांच्या घरी असा एक डबा आला होता. फळ त्यांनी कधीच खाल्लेलं, मी पाहिला तो रिकामा डबा. त्यात ती चहापत्ती ठेवायची. मी तिच्याकडे चहापत्ती उसनी मागायला जायची, घरात चहापत्ती असायची तरी. ती डबा उघडायची आणि मी वाकून आत नाक घालायची. वास चहाचाच यायचा, पण मला वाटायचं खाली, तळाशी, त्या पिवळ्याचा वास आहे. नाव माहीत नव्हतं, अननस म्हणतात हे फार पुढं कळलं. फळ आहे का मिठाई आहे हेही माहीत नव्हतं. पण रात्रंदिवस डोळ्यापुढे ती चकती. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी विचारलं होतं, “काय खावाव वाटते?” मी म्हटलं, “आंबट चुका.” चुका बांधावर फुकट मिळायचा. ज्याचं नाव माहीत नाही ते मागणार कसं? आणि ज्या घरात आजारी पडल्याशिवाय सफरचंद येत नव्हतं तिथं मागणार कुणापाशी?

आणि आता तो डबा माझ्या हाताच्या अंतरावर. घ्यायला काय झालं होतं? पण घेतला नाही. हात पुढं जायचा आणि मागं यायचा. सून आत अन्नावाचून पडली आहे आणि सासू आपले जुने डोहाळे पुरवते आहे, हे मलाच कसंतरी वाटायचं. मी गाडी पुढं ढकलायची.

आश्विन पौर्णिमा जवळ आली होती. विहारात खीरदानाची बोलणी चालू होती, साखर कोण आणणार, दूध कोण आणणार. मी दुकानात साखरेसाठीच गेले होते आणि तिथं टोपलीत ती कीवी दिसली. मातकट, केसाळ. निशा म्हणाली, “आजच आली, काकू. नरम पाहून घेजा.” पण तिनं तोंड वळवलं आणि माझे हात आपल्या सवयीनं चालू झाले. काकडी घ्या, वांगं घ्या, दोडका घ्या, आम्ही आयुष्यभर टणकच निवडत आलो. पुलगावच्या बाजारात मऊ वस्तू बाईनं उचलली तर भाजीवाल्यालाही तिची कीव येते. मी एकेक दाबून, नरम नरम मागं ठेवून, अगदी दगडासारखी टणक तेवढी निवडून आणली.

यांनी हातात घेऊन उलटीपालटी केली. “जिवंत आहे काय वो हे?”

“खाऊन पाहा ना.”

यांनी अख्खीच दातानं तोडली, केसांसकट. आणि तोंड असं झालं, एक डोळा मिटला, मान खांद्यात गेली, अंगावर काटा आला. “आंबट! लय आंबट! अवो, कैरी आहे ही!”

कैरी!

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. ऑक्टोबरात कैरी कुठली? बाजारात नाही, झाडाला नाही. मी दुसरी चिरून एक फोड तोंडात टाकली. खरंच हो, चैताची कोवळी कैरी, बाठ न धरलेली, तीच ती दात आंबवणारी चव, फक्त हिरव्या कपड्यात. पोटुशा बाईला कैरी द्यायची हे आमच्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं, पण कैरीनं आपला महिना सोडून यावं कसं? ती आली होती, केसाळ वेश घालून, कुठल्या देशातून कुणास ठाऊक, माझ्या टणक निवडायच्या सवयीमुळे!

मी पाटा धुतला. कीवीची सालं काढली. हिरवी मिरची घेतली, मोजकीच. जिरं, मीठ. लसूण हातात घेतला आणि परत टोपलीत टाकला, त्या वासानंच तर पोरगी बाहेर पळते. फोडणी नाही, गरम काही नाही. वरवंट्याखाली ते हिरवं असं चरचरलं की पाट्याच्या कडेनं रस वाहायला लागला, मी तो बोटानं आत ओढत होते आणि मला आपलं उगाच हसू येत होतं. सकाळची गार भाकर होती ज्वारीची. गार होती ते बरंच, तिला वाफेचाही वास सहन होत नव्हता. ताटलीत भाकरीचा चतकोर आणि त्यावर ठेचा, एवढंच घेऊन आत गेले.

“पल्लवी, उठ माय. एक घास.”

“काही नोको, आई.”

“खाऊ नोको मंग. नुसता वास घेऊन पाह्य.”

तिनं डोळे उघडले. वास घेतला. मग बोटाला जरासा ठेचा लावून जिभेवर ठेवला. तिच्या कपाळावर आठी आली, मग ती आठी गेली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, खाल्ला. दुसरा मोडला. यांनी दारातून डोकावून पाहिलं आणि मी डोळ्यांनीच यांना बाहेर काढलं.

चतकोर संपला. आता खरी वेळ. मी ताटली घेऊन बाहेर आले आणि ओट्यावर बसले. हे पुढच्या अंगणात सायकल पुसायला लागले, जी सकाळीच पुसली होती. प्रवीण ड्युटीवरून आला, त्याला यांनी बोटानं ‘गप’ म्हणून सांगितलं, तो बूट न काढता तसाच पायरीवर बसला. विहारातून वाचनाचा आवाज यायला लागला. मी पहिल्यांदाच वाचन चुकवलं होतं. मागच्या दाराकडे आम्ही तिघंही पाहत नव्हतो, म्हणजे तिघांचेही कान तिथंच होते. ते दार वाजलं की संपलं. वाचन पुढं पुढं जात होतं, ऊन भिंतीवरून उतरून तुटक्या कुंडीपर्यंत आलं, आणि दार वाजलं नाही.

मग आतून चालायचा आवाज आला. मला वाटलं, गेलीच मागच्या अंगणात. पण पावलं इकडं आली. पल्लवी चौकटीला धरून उभी होती, केस विस्कटलेले, ओठाच्या कोपऱ्याला हिरवं लागलेलं. माझ्या हातातल्या रिकाम्या ताटलीकडे पाहून म्हणाली,

“अजून आहे का?”

सायकल पुसणारा हात थांबला. प्रवीणनं तोंड फिरवलं. अख्ख्या त्या पोटुशेपणात पोरीनं पहिल्यांदा काही मागितलं होतं! मी उठले आणि माझ्या हातापायात काय शिरलं कोण जाणे, पाट्यावर बसले तेव्हा मांडीसुद्धा दुखली नाही.

नंतर कधीतरी, पोट चांगलं वर आलं तेव्हा, तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती आपणहून म्हणाली, “आई, मागच्या खेपेले मी सगळं मागतलं होतं. हे आणा, ते आणा. म्हणून या खेपेले मागाची भीती वाटे. वाटे का मागतलं तर हेही जाईन.” मी शेंगा सोलत राहिले. एवढीशी पोर, आणि एवढं ओझं न बोलता घेऊन भिंतीकडे तोंड करून निजायची. मी म्हटलं, “मागत जाजो वो माय. मागण्यानं काही जात नाई.” खरं तर हे मी कुणाला सांगत होते, तिला का मला, ते तेव्हा माझ्या ध्यानात नाही आलं.

त्या पहिल्या ठेच्याच्या दुसऱ्या दिवशी तर दुकान उघडायच्या आत मी दारात. निशाला सांगितलं तर तिनं काटा सोडून माझे दोन्ही हात धरले. मग उत्साहानं म्हणाली, “थांबा काकू, तुमाले चांगली नरम नरम काढून देते, गोड.”

“नरम नोको वो बाप्पा! मले टणक दे. जितकी टणक असन तितकी.”

ती बिचारी खोक्यात हात घालून तळातून टणक कीव्या शोधायची आणि बाकीची गिऱ्हाइकं पाहत राहायची, ही म्हातारी उलटं काऊन निवडून राह्यली म्हणून. पल्लवीच्या पोटात आधी ठेचा-भाकर राहिली, मग ठेचा-भात राहिला, मग हळूच वरण. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यांना मी ठेच्याची कृती सांगितली तर त्यांनी ती लिहून घेतली! विहारातल्या खीरदानाला पल्लवी स्वतः चालत आली, वाटीभर खीर खाल्ली, आणि बायांनी नुसतं तिच्याकडे पाहत राहावं.

चैत सरता सरता आमची नात, मैत्री, आली. खऱ्या कैरीचे दिवस होते तेव्हा.

आता ती तुरतुर चालते. काल आम्ही तिघी त्याच दुकानात गेलो. हवेत तोच भुशाचा वास, दारात तोच गुलाबी ढीग. मैत्री गाडीत बसून दोन्ही बाजूंना बोट दाखवत राजासारखी चालली होती, “हे? हे? हे?” मला नातीचं हे लय आवडतं. नाव माहीत नाही म्हणून तिचं काही अडत नाही. निशा आता बिलाच्या जागेवर असते, तिनं लांबूनच हात हलवला. आणि रांगेच्या अलीकडे, उजव्या हाताला, माझी पावलं आपली हळू झाली. हात पुढं गेला, मागं आला.

पल्लवी थांबली. “आई, तुमी इथं दर खेपेले काऊन थांबता? हात नेता आन परत घेता. मी केव्हाची पाहून राह्यली.”

काय सांगावं? पण सांगितलं. तिथंच, त्या फळ्यांच्या मध्ये उभं राहून सांगितलं, चाळ, कमलबाई, चहापत्ती, आंबट चुका, सगळं. लोक आमच्या बाजूनं गाड्या काढून जात होते. ऐकता ऐकता तिचा हात मैत्रीच्या केसांवर थांबला.

“मंग इतके दिवस घेतलं काऊन नाई?”

“मले आता कायचे डोहाळे वो? प्रवीणचे केस पांढरे व्हाले आले.”

“म्हंजे राह्यलेच ना ते,” ती म्हणाली. “मले म्हणता मागत जाजो, आन तुमी?” आणि तिनं डबा उचलून मैत्रीच्या मांडीवर ठेवला. मैत्री म्हणाली, “हे!”

घरी डबा उघडायचं हत्यार नव्हतं. यांनी पेचकस आणि हातोडी घेतली, कडेकडेनं भोकं पाडली, रस धोतरावर उडवला, गिरणीच्या यंत्राला बोल लावावेत तसे त्या डब्याला बोल लावले. शेवटी झाकण वर आलं. मी वाकले आणि आत नाक घातलं. या खेपेला चहाचा वास नव्हता.

पल्लवीनं वाटीत चकत्या काढल्या. पिवळ्या, गोल, मध्ये भोक. थेट चित्रासारख्या! मैत्रीनं एक उचलली आणि बांगडीसारखी हातात घालून पाहिली. यांनी नेमाप्रमाणे हात पुढं केला, “थांब, मी आधी चाखून पाहतो.”

“हात लावजा तर खरं!” मी म्हटलं.

मग सगळे माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. हे, प्रवीण, पल्लवी, आणि कोपरापर्यंत रस ओघळलेली मैत्री. जसे आम्ही त्या दिवसांत पल्लवीच्या तोंडाकडे पाहायचो, अगदी तसे. मी चकतीचा तुकडा मोडला. जिभेवर ठेवला. चावला. डोळे मिटले.

“कसं लागते, आई?” पल्लवीनं विचारलं.

मी वाटीतली ती अख्खी चकती खाल्ली. रस प्याले. बोटं चाटली. आणि वाटी तिच्यापुढं धरून म्हटलं,

“अजून आहे का?”